रिपोर्टची दुसरी ओळ

इस्पितळाच्या तळमजल्यावर, रक्त तपासायच्या खिडकीच्या पलीकडे, सीटी स्कॅनची खोली होती आणि त्या खोलीत ती सव्वीस वर्षं होती. पेशंट तिला ‘श्वासबाई’ म्हणायचे. कारण उघड होतं. जाड काचेच्या अलीकडे बसून दिवसभर ती माईकमध्ये तीनच गोष्टी सांगायची. श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा. एकदा बाजारात एका म्हाताऱ्याने तिला पाहिलं आणि चारचौघांत छाती फुगवून उभा राहिला. ‘बाई, सोडू का?’ म्हणाला. ती पोट धरधरून हसली होती.

तिला भाऊ एकच, दादा. तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आईवडील लवकर गेले, तेव्हा ती शाळेत होती. दादाने स्वतःचं शिक्षण गुंडाळून ठेवलं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली लागला आणि हिला मात्र शिकवलं. या मशीनच्या अभ्यासक्रमाचा फॉर्मही त्यानेच आणला होता. ‘बसून करायचं काम आहे, पंख्याखाली,’ एवढीच त्याची माहिती. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, याची तिला बरीच कारणं देता आली असती, पण कोणी विचारेनासं झालं तेव्हा तिने ती शोधायचंही सोडलं. दादाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून ती राहायची. संध्याकाळचा चहा वहिनीकडेच.

दादा बोलका माणूस. ‘आमचा धंदा विचित्र,’ तो म्हणायचा. ‘माणूस नीट वर गेला तर आमची आठवण काढत नाही, मध्येच लटकला की काढतो.’ सिगारेट सोडून त्याला आठ वर्षं झाली होती आणि त्याचा त्याला फार अभिमान. त्यामुळे खोकला लागला तेव्हा तो म्हणाला, ‘लिफ्टच्या खड्ड्यातली धूळ आहे, दुसरं काय असणार.’ दोन महिने तो धुळीला नावं ठेवत राहिला. शेवटी वहिनीने हिला बाजूला घेऊन सांगितलं, ‘ताई, तुमचं तरी ऐकतील. छातीचा एक फोटो काढून घ्या.’

फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी एक डाग दिसला. मग सीटी स्कॅन झाला, तो तिनेच केला. लिंबाएवढी गाठ होती, कडा ओबडधोबड. छातीचे डॉक्टर म्हणाले, हा जुना जंतुसंसर्ग असेल, दुसरंही काही असेल. नुसत्या चित्रावरून नक्की सांगता येत नाही, सुई घालून तुकडा काढायला हवा.

हे काम तिच्याच खोलीत चालायचं. पेशंटला मशीनच्या पलंगावर झोपवायचं, कातडीवर खूण करायची, ती जागा बधिर करायची आणि मग स्कॅनच्या चित्रावर बघत बघत सुई आत सरकवायची. थोडी सरकवली की चित्र, पुन्हा थोडी सरकवली की चित्र. सुई गाठीत पोचली की आतली दुसरी सुई खटकन सुटते आणि धाग्याएवढा तुकडा घेऊन येते. सुईवाले डॉक्टर म्हणून जे ओळखले जायचे त्यांचा हात याच्यात बसलेला होता, आणि त्यांच्यासोबत काचेमागे कायम हीच असायची.

आणि या सुईवर किती भरवसा ठेवायचा, हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांना कुठल्याशा परिषदेत बोलायचं होतं, म्हणून तिने जुनी रजिस्टरं काढून सगळ्या नमुन्यांचा पाठपुरावा केला होता. तीनशे बारा नमुने. कोणाचं पुढे काय झालं, एकेकाला फोन करून विचारलं. सुईने ‘कॅन्सर आहे’ म्हटलं तिथे एकदाही चूक निघाली नव्हती. पण सुईने ‘नाही’ म्हटलेले चौऱ्याहत्तर जण होते, आणि त्यांच्यातल्या पंधरा जणांना पुढे कॅन्सरच निघाला. म्हणजे पाचांत एक. डॉक्टर तो आकडा बघून म्हणाले, ‘आपला नकार म्हणजे आपल्याला सापडलं नाही, एवढंच. आत नाही, असं नव्हे.’ हे वाक्य तिने इतकं उचललं, की बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना ती स्वतःच समजावून सांगायची.

दादाला पालथं झोपवलं होतं. ‘लिफ्टखाली झोपायची सवय आहे मला,’ तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. ‘फक्त ती अंगावर येऊ देऊ नका.’ गाठ तळाशी होती, त्यामुळे प्रत्येक श्वासासरशी वरखाली व्हायची. दर वेळी अगदी सारखाच श्वास धरायला हवा होता. ती माईकमध्ये सांगत होती, तो धरत होता. पहिला तुकडा निघाला. दुसऱ्याला सुई आत असतानाच त्याला ढास लागली. तिने लगेच चित्र घेतलं. सुईचं टोक गाठीत नव्हतं. कडेला होतं, जिथे दबलेलं फुफ्फुस आणि गाठ एकमेकांत मिसळून सगळं करडं दिसतं तिथे.

डॉक्टरही काचेतून तिच्या पडद्याकडे बघत होते. ‘कडेला आहोत. अजून एक घ्यायला हवा,’ ते म्हणाले. पण दादाचा खोकला थांबेना, थुंकीत रक्ताचा लाल धागा दिसला आणि पुढच्या चित्रात फुफ्फुसाभोवती हवेची बारीक काळी चंद्रकोर उमटली, म्हणजे सुईच्या छिद्रातून हवा गळायला लागली होती. डॉक्टरांनी सुई काढली. ‘आज पुरे. यात काय मिळतंय ते बघू.’

ते बरोबरच होतं. त्या क्षणी दुसरं कोणी काही केलं नसतं.

चार दिवसांनी दुपारी ती रिपोर्ट आणायला स्वतः खिडकीवर गेली. तिथेच उभ्याउभ्या पाकीट फोडलं. पहिली ओळ होती, ‘तपासलेल्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. सूज आणि मृत पेशी.’  भिंतीला टेकून ती उभी राहिली.  मग तिने दुसरी ओळ वाचली. ‘नमुना अपुरा आहे. स्कॅनशी ताडून पाहावे. संशय कायम असल्यास नमुना पुन्हा घ्यावा.’

ती ओळ तिने वाचली. नीट वाचली. पुढे कधीही, कोणाहीजवळ, ती असं म्हणाली नाही की आपल्या नजरेतून ती सुटली होती.

संध्याकाळी ती दादाकडे गेली. वहिनी एकच कप तिसऱ्यांदा विसळत होती. दादा खुर्चीत बसून पायाच्या अंगठ्याने चप्पल उलटीसुलटी करत होता. त्याने तिच्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं आणि चेहऱ्यावर हसू आणायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

‘चिमे, मला ते इंग्रजी वाचून दाखवू नकोस. आहे की नाही, एवढं सांग.’

सव्वीस वर्षांत परक्या माणसांना तिने कधी एका शब्दात उत्तर दिलं नव्हतं. पण समोर दादा होता. शाळेत असताना तिच्या फ्रॉकची शिलाई उसवली की स्वतः सुईदोरा घेऊन बसणारा दादा, आणि तो आत्ता चप्पल सोडून तिच्या तोंडाकडे बघत होता.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘काही नाही निघालं.’

वहिनी मटकन खालीच बसली आणि हुंदके देऊ लागली. दादा उठला, खिडकीपाशी गेला, बाहेर बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते. मग वळून म्हणाला, ‘बघा, मी सांगत होतो, धूळ आहे!’ आणि तिघंही इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली. दुसरी ओळ तिच्या जिभेवर आली होती. उद्या सांगू, तिने ठरवलं. आजचा दिवस त्यांना राहू दे. पाकीट तिने पुन्हा पर्समध्ये टाकलं. उद्या कामावर गर्दी होती. परवा दादाच्या परगावच्या मुलीचा फोन आला होता आणि तो तिला हसत हसत सगळं सांगत होता, तेव्हा मध्येच कसं बोलायचं? आठवड्याने ते पाकीट तिच्या कामावरच्या कपाटात, हातमोज्यांच्या खोक्याखाली गेलं. आणि खरं सांगायचं तर, तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. पाचांत एक म्हणजे चार तर सुटतातच ना. दादा त्या चारांत असणार, असं तिने मनाशी पक्कं करून टाकलं.

छातीच्या डॉक्टरांकडे दादा दोन कामांच्या मधल्या वेळात एकटाच, रिपोर्टशिवाय, जाऊन आला. त्यांनी औषधं दिली आणि सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करायला सांगितलं. औषधांनी खोकला खरंच कमी झाला. सहा आठवडे भरले तेव्हा त्याच्याकडे एका नव्या बारा मजली इमारतीचं काम होतं, चार लिफ्ट बसवायच्या होत्या. चहा पिता पिता त्याने विचारलं, ‘जायलाच हवं का गं? तूच म्हणालीस ना, काही नाही म्हणून?’

तिने बशी खाली ठेवली. सांगून टाकायचा हा दुसरा दरवाजा होता, आणि तो दादानेच उघडून दिला होता.

‘जायला हवं रे,’ ती म्हणाली. ‘पण एवढी काही घाई नाही. काम उरकलं की जा.’

काम उरकायला पाच महिने लागले. बाराव्या मजल्यावरच्या मशीनच्या खोलीत जाताना दादाला मध्ये तीनदा बसावं लागलं. उजवा खांदा दुखायचा. पॅन्ट पट्ट्यात गोळा व्हायला लागली. तेव्हा मात्र तिने कोणाला विचारलं नाही. दुसऱ्याच सकाळी त्याला घेऊन गेली आणि मशीनवर झोपवलं.

चित्रं पडद्यावर वरून खाली एकेक करून येतात. खांदे आले, श्वासनलिका आली. मग दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत, जिथे काही नसायला हवं, तिथे गाठी दिसू लागल्या. तिचा हात माऊसवरच राहिला. खाली तळाशी ते लिंबू राहिलं नव्हतं, मूठ झाली होती.

आतून दादाचा आवाज आला, तिथल्या माईकमुळे तो जरा खोल, डब्यातून आल्यासारखा यायचा. ‘काय दिसतंय गं चिमे?’

तिने बटण दाबलं. ‘डॉक्टर सांगतील,’ ती म्हणाली.

 हे वाक्य ती परक्यांना सांगते, हे त्याला माहीत होतं. पलंग बाहेर आला तेव्हा त्याने स्वतःच शर्टाची बटणं लावली, खालून वर, एकही न चुकवता, आणि तिच्याकडे न बघता विचारलं, ‘वहिनीला तू सांगशील की मी?’

या वेळी सुई घालण्याआधी डॉक्टरांनी त्याच्याकडून अर्धा तास श्वासाची तालीम करून घेतली. चार तुकडे निघाले, चारही गाठीच्या आतून. उत्तर आलं ते स्पष्ट होतं, एका ओळीत. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. आता औषधं, सलाईन आणि बघत राहणं.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी जुने सगळे कागद मागितले. ‘पहिल्या सुईचा रिपोर्ट कुठे आहे?’ वहिनीने हिला विचारलं. ही कपाटातून तो काढून घेऊन आली. रस्ताभर तिला वाटत होतं की दुसरी ओळ फाडून टाकावी. वाटलं, पण तिने ते केलं नाही, एवढंच तिच्या बाजूने सांगता येईल.

वहिनी कधीकाळी शाळेत शिकवायची. तिने चष्मा लावला आणि कागद पहिल्या अक्षरापासून वाचला. मग पुन्हा वाचला. दादा पलंगावर उशीला टेकून बसला होता.

‘ताई, हे तुम्ही वाचलं होतं?’

‘हो.’

‘तेव्हाच?’

‘त्याच दिवशी.’

वहिनीने ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. ओरडून नाही, वर्गात धडा वाचावा तशी. मग कागदाची घडी घातली आणि आत निघून गेली. दादाने तोंड भिंतीकडे वळवलं. म्हणाला, ‘तू घरी जा आता.’

सहा आठवडे तो तिच्याशी बोलला नाही. वहिनी दारात यायची, औषधांचं, तब्येतीचं सांगायची, ‘झोपलेत’ म्हणायची. आतून रेडिओचा आवाज येत असायचा. ती रोज जायची, दारातूनच परत यायची. कामावरही तिचं चित्त नव्हतं. एके दिवशी दुपारी तिने रजिस्टर काढलं, दादाच्या पहिल्या नमुन्याची ओळ शोधली आणि शेवटच्या रकान्यात, जिथे पुढे काय निघालं ते लिहायचं असतं, तिथे आपल्या हाताने लिहिलं, ‘नकार खोटा ठरला.’ अक्षर नेहमीसारखंच आलं, याचाच तिला राग आला.

त्याच दुपारी तिने सुईवाल्या डॉक्टरांना गाठलं. ‘मला एकच सांगा. तेव्हाच पुन्हा सुई घातली असती तर?’

डॉक्टर हातमोजे काढत होते, तसेच थांबले. ‘गाठ तेव्हा एकाच जागी दिसत होती. कदाचित कापून काढता आली असती. कदाचित मधल्या गाठींची सुरुवात तेव्हाच झाली असेल, चित्रात दिसण्याइतकी नसेल. मला माहीत नाही.’ मग ते म्हणाले, ‘तो रिपोर्ट मीही पाहिला होता. एरवी मी पेशंटला फोन करतो. तुमचा भाऊ म्हटल्यावर मला वाटलं, तुम्ही आहातच की. तुमच्याइतकं कोणाला कळतंय.’

तिला वाटलं होतं की दोषाची वाटणी झाली की ओझं हलकं होईल. झालं उलटंच. डॉक्टरांनी फोन केला नाही तो तिच्या भरवशावर, दादा गेला नाही तो तिच्या भरवशावर, वहिनीने ओढून नेलं नाही तेही तिच्याच भरवशावर. सगळे रस्ते तिच्यापाशी येऊन थांबले होते.

सातव्या आठवड्यात दादाचाच फोन आला. औषधांचा काय परिणाम झाला ते बघायला स्कॅन होता. ‘उद्या तुझी ड्युटी आहे?’ त्याने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

‘आहे.’

‘तो दुसरा नवीन माणूस नको. मशीनवर तूच बस.’

‘बसते,’ ती म्हणाली. तो पुढे म्हणाला, ‘हे बघ चिमे, मला तुझा राग आलाय. तो जाईल असं काही वाटत नाही. मी प्रयत्न करून बघितला. पण तिथे आत एकटं पडल्यावर तुझाच आवाज लागतो मला. तेव्हा रागाचं राहू दे एका बाजूला.’

त्यानंतर तो अकरा महिने होता. राग अधूनमधून बाहेर यायचा. एकदा ती सफरचंद कापत होती, तर एकदम म्हणाला, ‘मला भित्रा समजलीस ना? वाटलं, हा सहन करणार नाही. अगं, मी बाराव्या मजल्यावरच्या खड्ड्यावर एका फळीवर उभा राहतो.’ ती म्हणाली, ‘तू नव्हतास घाबरला. मी घाबरले होते.’ त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, जणू हे त्याला नवीनच होतं. मग म्हणाला, ‘दे ती फोड इकडे.’ आणि एकदा, शेवटाकडे, वॉर्डातल्या लिफ्टच्या कुरकुरीकडे कान लावून तो हसला. ‘गाईडच्या रुळांना तेल नाही. सांग त्यांना, मी मोकळा आहे सध्या.’ तिला हसू आलं आणि हसता हसता रडूही. ‘माफ केलं’ असं तो कधी म्हणाला नाही. तिनेही मागितलं नाही. मागितलं असतं तर त्याने दिलं असतं, तिला सोपं जावं म्हणून, आणि तेवढ्यासाठी त्याला खोटं बोलायला लावायचं तिच्या जिवावर आलं.

एका सकाळी, नर्स चादर बदलत असताना, तो गेला.

विभागात मग एक नियम झाला. सुईचा नकार आला आणि स्कॅन संशयाचा असेल, तर दोन दिवसांच्या आत पेशंटला फोन करायचा, दुसऱ्या ओळीसकट सगळं सांगायचं, पुढची तारीख देऊन टाकायची. हे काम तिने मागून घेतलं. लोकांना ते फोन आवडत नसत. ‘अहो बाई, नाही म्हणतोय ना रिपोर्ट? कशाला जिवाला घोर लावता?’ एक जण तर तिला वाटेल तसं बोलला. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची. त्यातले काही परत आले आणि काहींना वेळेवर सापडलं, ही गोष्ट खरी. पण त्यांच्यापैकी कोणी आभार मानले की ती फोन लवकर ठेवून द्यायची.

दादा गेल्यावर महिन्याभराने वहिनीने त्याचं कपाट आवरायला काढलं आणि तिला बोलावलं. दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसून शर्टांच्या घड्या घालत होत्या. द्यायचे एका ढिगात, ठेवायचे दुसऱ्या. ठेवायचा ढीग उगाचच मोठा होत होता. वहिनी एका शर्टाची कॉलर सरळ करत म्हणाली, ‘ताई, एक बोलते. मग पुन्हा नाही बोलणार.’

‘बोला.’

‘तुम्ही त्या दिवशी मला एकटीला जरी सांगितलं असतं ना, स्वयंपाकघरात, हळूच, तर मी त्यांना हाताला धरून ओढत नेलं असतं. ते ओरडले असते, मी नेलंच असतं.’

‘माहीत आहे मला,’ ती म्हणाली.

वहिनीने मान हलवली, तो शर्ट ठेवायच्या ढिगात टाकला आणि पुढचा उचलला. बोलल्याप्रमाणे तिने पुन्हा तो विषय काढला नाही. पुढे ही निवृत्त झाली. आता रोज सकाळी दोघी मिळून तळ्याला फेरी मारतात. वहिनीचा गुडघा दुखतो म्हणून ही पावलं आखूड टाकते. लोकांना वाटतं सख्ख्या बहिणीच आहेत. वळणावरच्या बाकावर बसल्या की वहिनी भाजीचं बोलते, मुलीचं बोलते, आणि ही ऐकत असते. कधी कधी बोलता बोलता वहिनी मध्येच गप्प होते, तळ्याकडे बघत राहते. ती कशाने गप्प झाली हे हिला नेमकं कळतं. मग हीसुद्धा तळ्याकडे बघत, वहिनी उठेपर्यंत शेजारी बसून राहते.